तावरे मॅडमचं ‘कशावर?’

तावरे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या फुटक्या कौलाचा तुकडा जिभेला लावून उभ्या होत्या. निपाणीच्या आमच्या कॉलेजच्या जुन्या इमारतीची कौलं उतरवायचं काम चाललं होतं. मी मराठीची नवी प्राध्यापिका, त्याच दिवशी रुजू व्हायला आलेली, आणि समोर शहापुरी साडीतली, चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई कौल चाटतेय. मी बघतेय हे लक्षात येऊनही त्यांनी घाई केली नाही. तुकडा जिभेवरून सोडवला, निरखला आणि म्हणाल्या, “चिकटतंय. छिद्रं चांगली हाईत. तुम्ही कोण?”

त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. बारीक छिद्रांची वस्तू जिभेवरचं पाणी ओढून घेते आणि म्हणून चिकटते, हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. खडू, कुंडी, पणती, विटेचा कपचा, काहीही हाती आलं की आधी जिभेला. पहिल्या तासाला त्या प्रत्येक मुलाच्या हातावर एक पांढरी गोळी ठेवायच्या आणि म्हणायच्या, “लावा जिभेला. विष न्हाय, ॲल्युमिना हाय.” मुलं घाबरत लावायची, गोळी चिकटायची, वर्गात हशा व्हायचा. मॅडम हसायच्या नाहीत. हशा संपेपर्यंत थांबायच्या आणि शिकवायला लागायच्या.

माझं घर बेळगावातल्या अनगोळात, त्यांचं वडगावात. दोघींचाही रोज बेळगाव-निपाणी एसटीचा प्रवास. त्यात मला त्यांचा विषय कळला, म्हणजे मराठीच्या बाईला कळेल तेवढा कळला. धातूंची काही ऑक्साइडं विषारी वाफा जाळून टाकायला मदत करतात आणि स्वतः संपत नाहीत. त्यांना उत्प्रेरक म्हणतात. पण ऑक्साइडची नुसती पूड ठेवली तर तिचा गोळा होतो आणि काम फक्त वरच्या पापुद्र्यावर होतं. म्हणून ते सच्छिद्र गोळ्यांवर पातळ पसरवतात. ती गोळी म्हणजे आधार.

“लोकांना वाटतंय आधार म्हणजे नुसतं बसायचं पाट,” वंटमुरीचा घाट चढताना मॅडम सांगत होत्या. वडगावच्या घरात खाली यंत्रमाग होते. त्या खडखडाटात वाढल्यामुळे त्यांचा आवाज असा की अख्ख्या एसटीला रसायनशास्त्र ऐकू जायचं. “पण तसं न्हाय. कोबाल्ट ऑक्साइड तेच. सिलिकावर ठेवलं तर सिलिका त्याला नीट धरत न्हाय, गरम झालं की सगळं सरकून एका जागी गोळा. ॲल्युमिना घट्ट धरतोय, छान पसरवतोय. पण उष्णता वाढली की एवढा घट्ट धरतोय की गिळूनच टाकतोय. सिरियम धातूच्या ऑक्साइडवर, म्हणजे सिरियावर ठेवलं तर सिरिया आपल्यातला ऑक्सिजन काढून देतोय. ऑक्साइड एकच, वागणं तीन तऱ्हांचं.”

मी उत्साहानं म्हटलं, “म्हणजे मुलगी कुठल्या सासरी पडते त्यावर—”

“उपमा देऊ नका,” त्यांनी मला तिथंच तोडलं. “आधी समजून घ्या.”

त्यांचा एक शब्द कॉलेजभर प्रसिद्ध होता. एखादा मुलगा गाईडमधून घोकलेलं म्हणायचा, “कोबाल्ट ऑक्साइड हा उत्तम उत्प्रेरक आहे.” मॅडम विचारायच्या, “कशावर?” मुलगा शेजाऱ्याकडे बघायचा. “कशावर उत्तम? खाली काय हाय ते सांगितल्याशिवाय हे वाक्य अर्धं हाय. बस खाली.” मुलांनी त्यांचं नाव ‘कशावर बाई’ ठेवलं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. स्टाफरूममध्येही त्यांची तीच तऱ्हा. कुणी म्हणायचं, अमुक साहेबांनी मोठं नाव काढलं हो. कोपऱ्यातून प्रश्न यायचा, “कशावर?” पहिली काही वर्षं लोक हसायचे. पुढं पुढं त्या आत आल्या की विषय बदलायला लागले.

जिच्यावर जीव टाकावा अशी ती बाई नव्हती. प्रॅक्टिकलला दयामाया नाही, प्राचार्यांच्या नोटिशीत लाल पेनानं व्याकरण दुरुस्त करायच्या, कुणाच्या वास्तुशांतीला गेल्या तर भिंतीची ओल आधी दाखवायच्या. माझ्याशी बऱ्या वागायच्या, कारण मला रसायनशास्त्रातलं काही कळत नव्हतं आणि कळतं असं मी दाखवतही नव्हते.

त्यांनी लग्न केलं नाही. वडील गेल्यावर माग विकले गेले आणि धाकटा भाऊ मारुती उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत लागला. तिथं लोखंड ओतायला वाळूत रेझिन मिसळून साचे भाजतात. भाजताना जी वाफ निघते ती डोळ्यांत आणि घशात जाते. मारुती कामावरून आला की डोळे लाल, आणि जेवताना मध्येच ताट बाजूला सारून खोकायचा. त्याची बायको शोभा त्याचा शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. मॅडमनी एकदा तो शर्ट बादलीतून उचलून नाकाला लावला आणि पीएच.डी.चा आधी ठरवलेला विषय सोडून दिला. नवा विषय घेतला तो हाच: ही वाफ जाळणारं ऑक्साइड कुठल्या आधारावर टिकतं.

मार्गदर्शक होते देसूरकर सर, बेळगावातल्या एका संशोधन केंद्राचे प्रमुख. गोरेपान, मृदू बोलणारे, प्रत्येकाला “अगदी बरोबर” म्हणणारे. मॅडम शनिवार-रविवार आणि सगळ्या सुट्ट्या त्यांच्या प्रयोगशाळेत घालवायच्या. दिवाळीच्या फराळाचा डबाही मी एकदा तिथंच नेऊन दिला होता. ॲल्युमिनावरच्या कोबाल्टनं पहिल्याच चाचण्यांत वाफ अशी साफ केली की सरांनी पेढे वाटले. मॅडमनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, “अजून बघायचंय.”

सरांना बघायचं नव्हतं. मारुतीच्याच फौंड्रीच्या मालकाशी त्यांचं बोलणं झालं होतं. धुराड्याआधी एक लोखंडी पेटी बसवायची, तीत या गोळ्या भरायच्या, वाफ तीतून जाईल. गावात, पेपरात, सगळीकडे कौतुक होईल. मॅडम फौंड्रीत जाऊन पेटीखालचा बर्नर बघून आल्या आणि सरांपुढं उभ्या राहिल्या. ते बोलणं त्यांनी मला एसटीत शब्दाला शब्द सांगितलं, त्यामुळे माझ्याही डोक्यात ते बसलंय.

“सर, तो बर्नर ताब्यात राहत न्हाय. वाटंल तसा भडकतोय. तेवढ्या उष्णतेला ॲल्युमिना कोबाल्टला खाऊन टाकंल.”

“किती दिवसांत?”

“ते आत्ता सांगता येत न्हाय. म्हणून तर अजून चाचण्या पाहिजेत. ॲल्युमिनावर आधी सिरियाचा थर देऊ, मग कोबाल्ट. मला वाटतंय तो थर मध्ये राहिला तर टिकंल. पण वर्षभर द्या.”

“अगदी बरोबर. पण मॅडम, उद्घाटनाच्या पाहुण्यांची तारीख ठरलीय. पहिल्या दिवशी काम करतो ना उत्प्रेरक?”

“पहिल्या दिवशी सगळेच करतात, सर.”

उद्घाटनाला आम्हा कॉलेजच्या लोकांनाही बोलावणं होतं. फौंड्रीच्या आवारात मांडव, पेटीला झेंडूच्या माळा, धुराड्यातून खरोखरच काही निघत नव्हतं. साच्याच्या खात्यातली माणसं धुतलेले कपडे घालून मागं उभी होती, त्यांत मारुती. सर फार सुंदर बोलले. शेवटी मॅडमकडे हात करून म्हणाले, “उत्प्रेरकाला जसा आधार लागतो, तशा या तावरे मॅडम माझ्या संशोधनाचा आधार आहेत. शांत, स्थिर, पडद्यामागं.” टाळ्या पडल्या. शाल घेऊन एक मुलगी मॅडमकडे निघाली.

मॅडम उठल्या. त्यांना माईक लागलाच नाही. “आधार शांत नसतोय, सर. तो आत काय तरी करत असतोय. हितला आधार काय करणार हे मी तुम्हाला सांगितलंय. ते ह्या लोकांना कवा सांगणार?”

पाहुण्यांना नीट समजलं नाही. मालकाला समजलं. सरांचं हसू जागच्या जागी राहिलं, त्यांनी खूण केली आणि सनईची रेकॉर्ड लागली. शाल घेऊन आलेली मुलगी मधल्या मध्ये उभीच. मागं मारुती खाली मान घालून बुटाच्या टोकानं वाळू उकरत होता.

त्यानंतर त्यांच्या प्रबंधावर सरांची सही झाली नाही. नकार कधीच मिळाला नाही. “अगदी बरोबर, बघतो,” एवढंच मिळत राहिलं. मार्गदर्शक बदलायचा तर जुन्या मार्गदर्शकाचं ना-हरकत लागतं, तेही “बघतो.” जो शोधनिबंध छापून आला त्यात मॅडमनी केलेल्या सगळ्या चाचण्या होत्या आणि मॅडमचं नाव नव्हतं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की उत्प्रेरक दीर्घकाळ स्थिर राहतो. ते वाक्य मॅडमनी मला वाचून दाखवलं. नाव नाही यावर त्या काही बोलल्या नाहीत. ‘दीर्घकाळ स्थिर’खाली मात्र लाल पेनानं दोनदा रेघ ओढली.

पुढच्या पावसाळ्यात पेटी साफ करायला उघडली. मारुतीनं मूठभर गोळ्या डब्याच्या झाकणात घालून घरी आणल्या. मी त्या रविवारी वडगावला गेलते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

“आक्का, आम्ही काळं भरलतं न्हवं? हे निळं कसं झालं? चांगलं का वाईट?”

मॅडमनी झाकण उजेडात धरलं. काय रंग होता तो! मोराच्या मानेसारखा.

“लई देखणं हाय,” मॅडम म्हणाल्या. “चिनी मातीच्या भांड्यांवर हाच रंग असतोय. कोबाल्ट ॲल्युमिनाच्या आत गेला, मारुती. आता वर काय न्हाय. मेलंय हे.”

“मग पेटीतनं जातंय ते?”

“जसंच्या तसं जातंय.”

दुसऱ्या दिवशी त्या रजा टाकून त्याच गोळ्या घेऊन मालकाच्या केबिनमध्ये गेल्या. मारुती म्हणाला होता, “आक्का, मी आणल्या म्हणू नको.” त्यांनी नाव घेतलं नाही. पण निळ्या गोळ्या बाहेर आल्या कशा, हे शोधायला मालकाला फार अक्कल लागली नाही. त्यानं चहा पाजला, “आयतु, नोडोण” म्हणाला, बरं, बघू. त्या आठवड्यात मारुतीला गेटवरच अडवलं. कारखान्याचा माल चोरून बाहेर नेला म्हणून काढून टाकलं. पेटी जागच्या जागी राहिली. तपासणीचे लोक यायचे त्या दिवशी साचे भाजायचं काम बंद ठेवायचे आणि पेटीला हार घालायचे.

घरी शोभानं एकच वाक्य सुनावलं. “आक्का, तुमचं खरं एकदा आमच्या ताटात वाढून बघा.” मॅडमचा पगार घरात येत होता, खायची ददात नव्हती. पण शोभा अन्नाबद्दल बोलत नव्हती आणि ते मॅडमना कळत होतं. चोर म्हणून काढलेल्याला उद्यमबागेत कोण घेणार? मारुतीला शेवटी एका पत्र्याच्या शेडमध्ये काम मिळालं. तिथंही साचेच भाजायचे. पेटी नाही, धुराडं नाही, एक पंखा होता आणि तो बहुतेक वेळा बंद. मॅडमनी हातापाया पडून सांगितलं जाऊ नको. तो म्हणाला, “मी बसून खाणार न्हाय. आणि आता माझं तू बघू नको.” पुढं एका घरात राहून भाऊ-बहीण कामापुरतं बोलायची.

काही वर्षांनी देसूरकर सरांच्या एका विद्यार्थिनीची पीएच.डी.ची खुली तोंडी परीक्षा होती. विषय: सिरियाचा थर दिलेल्या ॲल्युमिनावरील कोबाल्ट ऑक्साइड. मॅडम मला म्हणाल्या, “चल मीना, बघून येऊ.” आम्ही मागच्या रांगेत बसलो. पडद्यावर चित्रं येत होती आणि मॅडम अधूनमधून पुटपुटत होत्या, “हे माझं... हेही माझं.” शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगितलं. मॅडम उठल्या. सभागृहात सगळ्यांच्या माना वळल्या.

“थर जाड झाला तर काय होतंय?” त्यांनी विचारलं.

मुलगी सरांकडे बघायला लागली. सर छताकडे. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. परीक्षकांनी सावरून घेतलं आणि टाळ्यांत सगळं पार पडलं. बाहेर व्हरांड्यात पेढ्यांची गडबड होती. मॅडमनी त्या मुलीला दंडाला धरून खांबाआड नेलं. मला वाटलं आता झाडणार. त्यांनी भिंतीवर बोटानं आकृती काढत तिला सांगितलं की थर जाड झाला तर छिद्रांची तोंडं बुजतात आणि वाफ आत शिरतच नाही. दोनदा सांगितलं. मुलगी रडत “हो मॅडम, हो मॅडम” करत होती.

“रडू नको,” मॅडम म्हणाल्या. “नाव तुझंच राहू दे. निदान काय केलंयस ते तरी कळून घे.”

परतीच्या रिक्षात मी म्हटलं, तुम्ही मनानं फार मोठ्या आहात. त्या माझ्यावर भडकल्या. “मोठं-बिठं काय न्हाय गं. मला त्या पोरीचा गळा धरावासा वाटत हुता. पण चुकीचं काय तरी डोक्यात घेऊन ती उद्या पोरांना शिकवणार, ते मला सोसंना.”

मारुती गेला तेव्हा त्याचे केसही नीट पिकलेले नव्हते. फुप्फुसं कामातून गेली होती. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, “बिडी किती ओढायचे?” शोभा ओरडली, “उभ्या जन्मात ओढली न्हाय.” डॉक्टरनं मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

कामगार खात्यात पहिल्या फौंड्रीविरुद्ध नुकसानभरपाईचा अर्ज झाला. सुनावणीला शोभाची सगळी भिस्त मॅडमवर. रसायनशास्त्राची बाई, त्याच वाफेवर आयुष्य घालवलेली, सख्खी बहीण, यांच्यापेक्षा मोठा साक्षीदार कोण? मी सोबत गेलते. साहेब कन्नडमध्ये विचारत होते आणि मॅडम स्वच्छ कन्नडमध्ये उत्तरं देत होत्या. पेटी निकामी झाली होती का? होय. मालकाला सांगितलं होतं का? होय, मी स्वतः. तिथून वाफ खात्यात येत होती का? होय.

मग साहेबांनी विचारलं, “तुमचा भाऊ त्या वाफेनंच वारला असं तुम्ही खात्रीनं सांगता का?”

शोभानं मॅडमचा पदर घट्ट धरला होता. पहिल्या फौंड्रीचे वकील टेबलावर पेन आपटत होते.

“तसं मला वाटतं,” मॅडम म्हणाल्या. “पण तो पुढं दुसऱ्या शेडमध्येही होता. कुठल्या वाफेनं किती केलं ते कुणी मोजलेलं नाही. खात्रीनं मला सांगता येत नाही.”

वकिलानं पेन खिशाला लावलं.

बाहेर आवारात शोभा त्यांच्यासमोर उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. आमच्याकडच्या बायका घरात ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात, तशीच ती बोलली. “मी काय म्हणतो आक्का, एक शब्द हुता. एकच. नोकरी गेली तवा तुम्ही खरं बोलला. आज बी खरंच बोलला. मग तुमचं शास्त्र कुणाच्या कामाचं, तेवढं सांगा.”

मॅडम पुन्हा पुन्हा चष्मा पुसत राहिल्या. शोभा एकटीच रिक्षा करून गेली. अर्ज पुढं निकालात निघाला, त्यातून काही आलं नाही. शोभानं वरच्या मजल्याला बाहेरून वेगळा जिना काढून घेतला. मॅडम वर, ती खाली.

मला अनेकदा वाटलं, त्या दिवशी त्यांनी “होय” म्हणायला हवं होतं. शास्त्र काही बुडालं नसतं. समोरची माणसं कितीतरी मोठं खोटं पचवून ढेकर देत बसली होती. पण “होय” म्हणणाऱ्या तावरे मॅडम माझ्या डोळ्यांसमोर उभ्याच राहत नाहीत. त्या तशा असत्या तर त्यांना शाल मिळाली असती, पदवी मिळाली असती, मारुतीची नोकरी राहिली असती. त्या कुणीतरी दुसऱ्याच असत्या. हे मी समाधानानं लिहीत नाही. मला त्यांचा रागच येतो, अजून येतो.

त्या निवृत्त झाल्या, तेव्हाही नावामागं डॉक्टर लागलं नव्हतं. देसूरकर सर आमच्या संस्थेच्या मंडळावर आले आणि नव्या रसायन प्रयोगशाळेला त्यांचंच नाव द्यायचं ठरलं. जुने शिक्षक म्हणून मॅडमनाही बोलावलं होतं. येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या वेळेआधी पंधरा-वीस मिनिटं हजर.

व्यासपीठ प्रयोगशाळेतच, टेबलं सरकवून केलेलं. मॅडमना पुढची खुर्ची होती. त्या बसल्या नाहीत. विषारी वायूचे प्रयोग करायला काचेचं कपाट बसवलं होतं, त्याच्यापाशी गेल्या. त्याचा पंखा चालू केला, पर्समधून तिकिटाचा कागद काढून आत धरला. कागद हललाही नाही. वाकून मागं बघितलं. कपाटाची नळी भिंतीपर्यंत येऊन तिथंच संपली होती, बाहेर काढलेलीच नव्हती. त्यांनी प्राचार्यांना बोलावून दाखवलं. प्राचार्य घड्याळ बघत म्हणाले, “होईल हो मॅडम, कार्यक्रम तेवढा होऊ दे.”

देसूरकर सर बोलायला उभे राहिले. आवाज थकला होता, पण तसाच गोड. त्यांनी विज्ञानाची निष्ठा वगैरे सुरू केलं, तेवढ्यात पहिली खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग दुसरी. मॅडम भिंतीच्या कडेनं एकेक खिडकी उघडत चालल्या होत्या. नवा रंग लागून चौकटी चिकटल्या होत्या. शेवटची काही केल्या निघेना. त्यांनी तळहातानं धक्के द्यायला सुरुवात केली. धाड. धाड. सर थांबले. शंभरेक माणसं एका म्हाताऱ्या बाईचा खिडकीशी चाललेला झगडा बघत होती. एक शिपाई मदतीला उठला, त्याला त्यांनी हातानंच बसवलं. शेवटी खिडकी सुटली, बाहेरच्या तंबाखूच्या वखारींचा उग्र वास आत आला, आणि सरांसमोरचे कागद उडाले. पुढच्या रांगेतली माणसं ते गोळा करायला वाकली.

मॅडमनी तळहात बघितला. चौकटीचा ओला रंग लागला होता. तो साडीला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून त्या दारातून बाहेर पडल्या. आत सर पुन्हा बोलायला लागले होते. मी त्याच खिडकीतून बघत राहिले. हात तसाच लांब धरून, वळून न बघता, त्या फाटकाकडे चालत गेल्या.